सोलापूरच्या प्रदर्शनातील नागा पाइप : घडण उत्तम, ओळख तोकडी

सोलापुरात नुकत्याच भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात ईशान्य भारतातील वस्तूंचा एक गाळा होता. शाली, वेताच्या टोपल्या आणि मण्यांच्या माळा यांच्याभोवती गर्दी होती. त्यांच्या पलीकडे, टेबलाच्या अगदी टोकाला, नागा कारागिरांनी हाताने घडवलेले धूम्रपानाचे पाइप मांडून ठेवलेले होते. त्यांतील तीन मी विकत घेतले : ओतीव पितळी वाटीचा एक, बांबूच्या मुळापासून केलेला एक आणि कोरीव लाकडाचा एक. हे परीक्षण त्या तीन वस्तूंचे आहे, आणि त्या ज्या माहितीनिशी विकल्या जात होत्या त्या माहितीचेही आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. तिन्हींपैकी दोन पाइप कारागिरीच्या कोणत्याही कसोटीला उतरतील असे आहेत आणि तिसरा पारखून घेण्याजोगा आहे. मात्र गाळ्यावरच्या पाट्यांनी त्यांची जी ओळख करून दिली होती ती वस्तूंच्या मानाने फार तोकडी आणि काही ठिकाणी सरळसरळ चुकीची होती, आणि हस्तकलेच्या बाजारात ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

मी हे पाइप ओढण्यासाठी घेतलेले नाहीत, आणि कोणी त्यासाठी घ्यावेत असे मी सुचवणारही नाही. ज्या शहरात बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या, त्या शहरात तंबाखूचे गुणवर्णन करण्याचे कारण नाही. त्याची धूळ श्वासावाटे आत गेली की काय होते हे इथल्या घराघरांनी सोसलेले आहे. वाटी पितळेची असो, मातीची असो की बांबूची, धूर तोच असतो. परंतु धूम्रपान हे ज्या समाजात रोजच्या बसण्याउठण्याचा भाग होते, त्या समाजाने त्यासाठी केलेल्या वस्तूंमध्ये जी बुद्धी आणि जो हात ओतला, तो पाहण्याजोगा आहे. आपण अडकित्ता आणि पानाचा डबा यांच्याकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने मी हे पाइप पाहिले आहेत.

नागा ही एकच एक जमात नाही, ही गोष्ट खरेदीला जाण्याआधी लक्षात ठेवलेली बरी. १ डिसेंबर १९६३ रोजी स्थापन झालेल्या नागालँड राज्यात अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक, चांग, फोम, चाखेसांग अशा पंधराहून अधिक जमाती राहतात. मणिपुरातील तांगखुल, अरुणाचल प्रदेशातील वांचो आणि नोक्ते, तसेच सीमेपलीकडे म्यानमारमधील अनेक गावे यांचेही नाते याच समूहाशी जोडले जाते. प्रत्येकीची भाषा, कपडा आणि कोरीवकामाची धाटणी वेगळी असते. विणकाम बायकांकडे आणि लाकूड, बांबू व धातू यांचे काम पुरुषांकडे अशी वाटणी मात्र बहुतेक ठिकाणी पूर्वापार दिसते. पाइप घडवणे हे पुरुषांचे काम असले तरी काही जमातींत तो ओढणाऱ्यांत बायकाही होत्या. जुन्या घडणीच्या काही पाइपांना वाटीखाली पाण्याचे एक छोटे भांडे असे. धूर त्यातून जाई आणि तंबाखूचा अर्क उतरलेले ते पाणी तोंडात धरून ठेवण्याची चाल होती. ईशान्येतल्याच मिझोराममध्ये असे तंबाखूचे पाणी ‘तुइबुर’ या नावाने आजही विकले जाते. गाळ्यावर पाण्याच्या भांड्याचा एकही नमुना नव्हता, ही मला जाणवलेली पहिली कमतरता.

आता पितळी पाइपाविषयी. तिन्हींमध्ये सर्वांत जास्त वेळ मी याच्यावर घालवला आणि त्याने तो वेळ सार्थकी लावला. वाटी अंगठ्याएवढी उंच, तळाशी थोडी निमुळती. तिच्या समोरच्या बाजूला माणसाचा चेहरा. डोळे म्हणजे दोन गोल कडी, नाक म्हणजे चिमटीत धरून उचललेली एक धार, आणि कपाळाच्या वर दोरा गुंडाळावा तशा तीन रेघा. वाटीच्या तळातून एक आखूड मान पुढे येते आणि तिच्यात बांबूची नळी बसवलेली आहे. नळीला बारीक सूत गुंडाळून वरून मेणाचा हात दिलेला असल्यामुळे सांधा घट्ट बसतो. नळीसकट सगळी लांबी एक वीत आणि चार बोटे भरते. हातात घेतल्यावर वजन वाटीकडे झुकते, त्यामुळे पाइप तोंडात लोंबकळत ठेवण्याऐवजी हातात धरून ओढण्यासाठी आहे हे लगेच कळते.

गाळ्यावरच्या तरुणाने हा पाइप मोन जिल्ह्यातील कोन्याकांचा असल्याचे सांगितले, तेही मी विचारल्यानंतर. कोन्याक हे नागांमधील नावाजलेले लोहार आणि ओतारी. भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायच्या, बंदुका घरच्या भट्टीवर घडवण्याबद्दल त्यांची ख्याती आहे, आणि शत्रूचे शिर आणणाऱ्या योद्ध्याने गळ्यात घालायची पितळी मुंडक्यांची पदके त्यांच्याकडे ओतली जात. ही पदके ज्या पद्धतीने होत, तीच पद्धत या पाइपालाही वापरलेली दिसते. आधी मातीचा गाभा करायचा, त्याच्यावर मेणाचा थर देऊन हवा तो आकार घडवायचा, मेणाचेच सूत वळून डोळे, रेघा, कडी बसवायच्या; मग त्यावर मऊ मातीचा आणि नंतर भरड मातीचा लेप चढवून, पितळ आत जायला आणि हवा बाहेर यायला वाटा ठेवून तो गोळा भाजायचा. मेण वितळून वाहून जाते आणि त्याने सोडलेल्या जागेत वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून त्या साच्यातून दुसरी वस्तू निघत नाही. बस्तरच्या ढोकरा कामाची पद्धत हीच आहे, आणि आपल्याकडच्या ओताऱ्यांनाही ती अपरिचित नाही.

पंढरपुरात पितळी मूर्ती ओतण्यात हयात घालवलेले एक काका आमच्या घरच्या ओळखीचे आहेत. त्यांना हा पाइप दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारून तो डोळ्यांजवळ धरला आणि नखाने वाटीची कड चाचपत राहिले.

“हे मेणावर केलेलं आहे, पोरी. वाळूच्या पाळ्यांत ओतलं असतं तर मधे शीव आली असती. कुठं शीव दिसते का बघ.”

शीव, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ, कुठेही नव्हती. त्यांनी मला कपाळावरच्या रेघांपैकी एकीचे टोक दाखवले, जिथे मेणाचे सूत बोटाने दाबून बसवताना थोडे चपटे झाले होते आणि पितळाने तो दाब जसाच्या तसा उचलला होता. वाटीच्या पाठीमागे सुईच्या टोकाएवढी काही छिद्रे आहेत, ती कशामुळे, असे मी विचारले.

“माती पुरती भाजली नसंल. ओल राहिली की वाफ धरते, मग पितळात फोड येतात. पण आरपार गेलेला एकबी नाही. मानेच्या तोंडाशी तेवढी कानस चालवलीय, बाकी साच्यातून निघाला तसा ठेवलाय. चांगला हात आहे.”

ओतकामात मुरलेल्या माणसाने परक्या मुलखातल्या कारागिराला दिलेली ही पावती मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. त्यांचे म्हणणे मी माझ्या परीने पडताळूनही पाहिले. वाटीचे तोंड अंगठ्याने बंद करून नळीतून फुंकर घातली असता हवा कुठूनही निसटत नाही. म्हणजे छिद्रे वरवरचीच आहेत आणि मानेचा सांधाही पक्का आहे. वाटीच्या तळाचे भोक नळीच्या पोकळीशी नीट जुळते, आत मातीचा कण अडकलेला नाही. पितळ उष्णता चटकन वाहून नेते, त्यामुळे पेटलेली वाटी बोटांत धरणे शक्य नाही, आणि म्हणूनच नळी बांबूची व वीतभर लांब ठेवलेली आहे : हात नळीवर राहतो आणि धूर तोंडापर्यंत येईतो काहीसा निवतो. शोभेसाठी केलेल्या नकलांमध्ये नळी आखूड असते आणि भोक नावापुरते असते. हा पाइप बनवणाऱ्याला तो कशासाठी आहे हे पक्के ठाऊक होते.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. घरगुती भट्टीवरच्या पितळात मोडीचे धातू मिसळलेले असतात आणि त्यात शिशाचा अंश असू शकतो. लहान मूल ज्या गोष्टी तोंडात घालते त्यांच्या जवळपास ही वस्तू ठेवू नये.

बांबूच्या मुळाचा पाइप दिसायला पितळीच्या मानाने अगदी साधा आहे, आणि माझ्या मते तो कल्पकतेत त्याच्याहून सरस आहे. बांबूचा जमिनीखालचा भाग पोकळ नसतो. तो भरीव, चिवट आणि जवळजवळच्या पेरांचा असतो, आणि प्रत्येक पेराभोवती उपमुळे फुटल्याच्या खुणांची माळ असते. कारागिराने वाटीसाठी असा तुकडा निवडला आहे की त्या खुणा वाटीभोवती ओळीने आल्या आहेत. त्यामुळे बाहेरून कोरीवकाम करण्याची गरजच उरलेली नाही. वाटी आतून पोखरून मग डागलेली आहे : आतली भिंत सगळीकडे सारखी काळी आहे आणि बोट फिरवले तर कोळशाची भुकटी निघत नाही, कारण डागल्यानंतर ती घासून घट्ट केली आहे. असा करपवलेला थर आधीच असला की पेटलेला तंबाखू लाकूड लवकर जाळत नाही. नळी बारीक बांबूची आहे आणि तिच्या आतले पडदे तापलेल्या सळईने फोडलेले आहेत. उजेडासमोर धरून पाहिले तर भोक सरळ आहे आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे.

नळीवर तापलेल्या टोकाने काढलेली नक्षी आहे. तिरप्या रेघांचे दोन पट्टे, त्यांच्या मधे त्रिकोणांची रांग. पहिला त्रिकोण थोडा मोठा झाला आहे आणि शेवटचा जागा पुरावी म्हणून दाटून बसवलेला आहे. हाताने, डोळ्यांच्या अंदाजाने काम केल्याची ही खूण मला फार आवडली. वाटी आणि नळी जिथे जुळतात तिथे वेताच्या तांबड्या रंगवलेल्या पट्ट्या आणि एका ऑर्किडच्या खोडाची पिवळी साल यांचा विणलेला गोफ आहे. तांबडा वेत आणि पिवळी ऑर्किडची साल ही जोडी नागांच्या दंडावरच्या कड्यांवर, शिरस्त्राणांवर आणि भाल्यांच्या दांड्यांवर पूर्वीपासून दिसते. इथे त्या गोफाला कामही आहे : बांबू सुकून आकसला तरी सांधा आवळलेला राहतो. शिवाय पाइपाला धुराचा मंद वास आहे. नागा घरांत बांबूच्या वस्तू चुलीवरच्या मचाणावर ठेवून धुरवतात. त्याने बांबूला तांबूस तपकिरी रंग चढतो आणि पोखरणारा किडा सहसा लागत नाही. गाळ्यावरच्या काही पाइपांना हा रंग पॉलिशने दिलेला होता. वास घेऊन आणि नळीचे कापलेले टोक पाहून फरक कळतो, कारण धुरवलेल्या बांबूचा रंग आतपर्यंत मुरलेला असतो आणि पॉलिशचा रंग पृष्ठभागावरच थांबतो.

शेजारच्या आक्कांनी, ज्यांची बोटे आयुष्यभर तेंदूच्या पानावर चालली, हा पाइप हातात घेतला आणि वाटीत करंगळी घालून पाहिली. “इतक्याशात दोन विड्यांची तंबाखूबी बसत नाही की गं,” त्या म्हणाल्या. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. वाटी खरोखर लहान आहे. थोडा तंबाखू, चार झुरके आणि पुन्हा कामाला, अशा बेताची. युरोपीय पाइपाच्या मोठ्या वाटीत तंबाखू दाबून तासभर बसण्याची जी रीत आहे तिच्याशी या मापाचे काही नाते नाही. आपल्याकडची मातीची चिलीम याच्या अधिक जवळची म्हणता येईल, तरी चिलीम उभी धरतात, तिला ओली छापी, म्हणजे फडक्याची पट्टी, लागते आणि ती चारचौघांत फिरते. या पाइपाची घडण एकट्याच्या वापराची आहे, डोंगरउतारावर शेतात जाताना बरोबर नेता येईल अशी.

लाकडी पाइपाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वाटीवर शिरोभूषण घातलेल्या योद्ध्याचे डोके कोरलेले आहे आणि त्याच्या मागे धनेश पक्ष्याची चोच आहे. कोरण्यातील पहिला हात चांगला आहे, विशेषतः गालाचे उतार. पण नंतर सगळे सँडपेपरने इतके गुळगुळीत केले आहे की हत्याराची एकही खूण उरलेली नाही, आणि वर चकचकीत व्हार्निश चढवले आहे. व्हार्निश वाटीच्या आतही गेलेले आहे, म्हणजे हा पाइप पेटवण्याचा विचार करणाऱ्याने केलेला नाही. फुंकर घातली की सांध्यातून हवा निसटते. गोफाच्या जागी तांबडा नायलॉनचा दोरा आहे. ही दिवाणखान्यातील शोभेची वस्तू आहे, आणि तसे सांगून विकली असती तर माझी तक्रार नव्हती. डोकी कोरलेले लाकडी पाइप ही अरुणाचल प्रदेशातील वांचो लोकांची, म्हणजे कोन्याकांच्या शेजाऱ्यांची, ओळखीची कारागिरी आहे आणि वांचोंच्या लाकूडकामाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हा पाइप त्यांच्याकडचा आहे की त्यांच्या धाटणीची नक्कल आहे, याचे उत्तर गाळ्यावर कोणाजवळच नव्हते.

इथून पुढे मला गाळ्याविषयी बोलायचे आहे. तिथला तरुण विक्रेता सौजन्याने वागला, प्रत्येक वस्तू हाताळू दिली, घाई केली नाही. त्याच्याविषयी चांगलेच म्हणावे लागेल. छापील पाट्या त्याने केलेल्या नव्हत्या, त्या माल पुरवणाऱ्याकडून आल्या होत्या, असे त्याने सांगितले आणि मला ते पटले. पण गिऱ्हाईक पाटीच वाचते. सर्व पाइपांच्या पाटीवर सरसकट “नागा आदिवासी पाइप, हजारो वर्षांची परंपरा” एवढेच लिहिले होते, पितळी पाइपांपुढे “नरमुंड शिकाऱ्यांचा पाइप” अशी जोड होती, आणि दोन काळवंडलेल्या पाइपांपुढे “प्राचीन, अफूचा” असे लिहून तिप्पट किंमत लावलेली होती.

हजारो वर्षांचा दावा टिकणारा नाही. तंबाखू हे अमेरिका खंडातील झाड. १४९२ नंतर ते बाकीच्या जगाला माहीत झाले आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले. त्याची एक नोंद तर आपल्या अगदी शेजारची आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात आला, तिथे त्याने तंबाखू पाहिला, आणि रत्नजडित नळीच्या पाइपासह तो अकबरापुढे नेऊन ठेवला. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरातून मुघल दरबारात गेलेली ही वस्तू तिथे तेव्हा नवलाची होती. नागा डोंगरांत तंबाखू याच्या फार आधी पोहोचला असणे शक्य नाही, म्हणून तिथल्या तंबाखूच्या पाइपाला चारेकशे वर्षांपलीकडचे वय देता येत नाही. यात त्या कारागिरांना काही उणेपणा येत नाही. उलट बाहेरून आलेल्या एका पानासाठी त्यांनी आपल्या हाताशी असलेल्या बांबूतून, वेतातून आणि पितळातून इतके नेमके साधन घडवले, ही गोष्ट खोट्या प्राचीनतेपेक्षा कितीतरी मोठी आहे. पाटीवर तेवढेच छापले असते तर लोक थांबून वाचत राहिले असते.

नरमुंडांचा उल्लेख तर मला दुखावून गेला. शिरे आणण्याची प्रथा होती हे खरे, आणि कोन्याकांमध्ये ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली हेही खरे. पण वाटीवर माणसाचा चेहरा आहे एवढ्यावरून रोजच्या वापराच्या वस्तूला रक्ताचा रंग चढवणे हे केवळ विक्रीसाठी केलेले भडकपण आहे. आज ज्यांच्या हातून हे पितळ ओतले जाते ते लोक शेती करतात, मुलांना शाळेत पाठवतात, रविवारी चर्चमध्ये जातात. बॅप्टिस्ट मिशनरी एडवर्ड विंटर क्लार्क १८७२ मध्ये आओंच्या गावी आले तेव्हापासून नागा समाज किती बदलला याची जाणीव पाटी लिहिणाऱ्याला असायला हवी होती. त्यांच्या कारागिरीचा परिचय त्यांच्या आजोबांच्या लढायांनी करून देणे सभ्यपणाचे नाही.

प्राचीन म्हणून मांडलेल्या दोन पाइपांविषयी गिऱ्हाइकाने विशेष सावध राहावे. कोन्याक भागात अफूचे व्यसन होते आणि त्याने अनेक घरे पोखरली, हे दुःखद सत्य आहे. तिथे अफू कपड्यात मुरवून ठेवतात, पळीत पाण्याबरोबर तापवून ती सुक्या पानांच्या चुऱ्यात मिसळतात आणि बांबूच्या, पाणी भरलेल्या मोठ्या नळीतून ओढतात. गाळ्यावरचे ते दोन पाइप लहान, कोरड्या वाटीचे होते, म्हणजे मुळात त्या कामाचे नव्हते. त्यांचा काळेपणाही सगळीकडे सारखा होता. खरोखर वापरलेल्या पाइपाच्या वाटीत राखेचा खरखरीत, कमीजास्त जाडीचा थर जमतो, वाटीची एक कड पेटवण्याच्या बाजूने जास्त झिजते, नळीचे तोंड ओठांनी आणि दातांनी गुळगुळीत होते आणि हात धरण्याच्या जागी रंग गडद होतो. यांतले तिथे काहीच नव्हते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. तो दाखवता येत नसेल तर ‘प्राचीन’ या नावाखाली वाढीव पैसे मागण्याचा विक्रेत्याला काहीच आधार उरत नाही. खरे जुने नमुने पाहायचे असतील तर जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमवलेला नागा वस्तूंचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे, आणि आपल्याला जवळचे म्हणजे भोपाळचे मानव संग्रहालय, जिथे नागा तरुणांचे मोरुंग, म्हणजे त्यांचे एकत्र राहण्याचे घरच, उभे केलेले आहे.

ही तक्रार मी इतकी लावून धरते याला कारण सोलापूरच आहे. आपल्या चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही बाहेरगावच्या बाजारात कुठलीही जाड, फुलाफुलांची चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपते, आणि त्याचा फटका इथल्या मागावर बसणाऱ्या माणसाला बसतो. आपल्या नावाने दुसऱ्याचा माल विकला जातो तेव्हा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. मग दुसऱ्याच्या कारागिराचे नाव, गाव आणि जमात पुसून त्याचा माल आपल्या शहरात विकला जात असेल तर तेवढ्याच आग्रहाने विचारणा करणे आपले काम आहे. मी विचारल्यावर त्या तरुणाने दोन ठिकाणी फोन लावला, आणि पितळी पाइप मोन जिल्ह्यातील कोन्याक कुटुंबाकडचा व बांबूचा त्वेनसांग भागातील चांग कारागिराचा असल्याचे समजले तसे त्याने बिलाच्या मागे हाताने लिहून दिले. म्हणजे माहिती मिळत नाही अशातला भाग नाही. ती विचारण्याची आणि छापण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. पुढच्या वर्षी हाच गाळा आला तर प्रत्येक वस्तूला जमात, जिल्हा, साहित्य आणि शक्य असल्यास कारागिराचे नाव सांगणारी छोटी चिठ्ठी असावी, अशी मी आयोजकांना लेखी विनंती केली आहे.

घरी आणल्यानंतरच्या देखभालीविषयी इथल्या हवेचा विचार करून सांगते, कारण सूचनापत्रकात त्याचा एक शब्द नव्हता. नागालँडच्या ओलसर डोंगरांत वाढलेला आणि धुरवलेला बांबू आपल्या कोरड्या हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, लांबीने तडकू शकतो. खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोताखाली तो ठेवू नये. उन्हाळा सुरू होण्याआधी फडक्यावर करडईच्या तेलाचे दोन थेंब घेऊन नळी हलक्या हाताने पुसावी. करडईचे तेल हवेने हळूहळू सुकून पातळ थर धरते, खोबरेल तेल तसेच चिकट राहते आणि धूळ ओढते. गोफाला तेल लावू नये, रंग उतरतो. पितळी वाटी चिंचेने किंवा पितळ उजळवण्याच्या पुडीने घासण्याचा मोह टाळावा; रेघांच्या खाचांत बसलेला काळपटपणाच चेहऱ्याला उठाव देतो, आणि पूड नळीच्या सांध्यात शिरली तर मेण सुटते. कोरडे सुती फडके पुरेसे आहे.

किमतींविषयी : पितळी पाइप २,२०० रुपये, बांबूच्या मुळाचा ६५० आणि लाकडी ९००. पितळीची किंमत मला रास्त वाटली, कारण मेण, माती, भट्टी आणि दर वेळी फोडावा लागणारा साचा यांत जाणारा वेळ लक्षात घेता त्याहून कमी दर कारागिराला परवडणारा नाही. बांबूचा पाइप त्याच्या कामाच्या मानाने स्वस्त आहे, इतका की मूळ कारागिराच्या हाती त्यातले काय पडले असेल याची मला काळजी वाटते. लाकडीसाठी ९०० रुपये जास्त आहेत. बांधणी वर्तमानपत्रात गुंडाळून केलेली होती. नळी आणि वाटी वेगळी करून द्यायला सांगावी, नाहीतर पिशवीत पितळाच्या वजनाने नळी मुडपते.

एकच घ्यायचा असेल तर बांबूच्या मुळाचा घ्यावा. घेताना वाटीत बोट फिरवून भिंत करपवलेली आहे का हे पाहावे, नळी उजेडासमोर धरून भोक सरळ आहे का ते तपासावे, वाटी अंगठ्याने बंद करून फुंकर घालावी, गोफ वेताचा आहे की नायलॉनचा हे नखाने खरवडून बघावे. आणि बिलावर जमातीचे व जिल्ह्याचे नाव लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.